गावात बसून दुसऱ्या तालुक्यातल्या वादकासोबत गाणं कसं करता?

पऱ्हाटीवाली (ता. आर्वी, जि. वर्धा)

नमस्कार मंडळी. मी वऱ्हाडीत गाणी लिहिते, चाल लावते आणि गाते. यंदा कापसाच्या वेचणीच्या पहिल्या दिवशी बायका वावरात पूजा करतात त्यावर एक गाणं झालंय. ते नीट रेकॉर्ड करून लोकांपुढे ठेवायचं ठरवलंय.

गावात वादक नाहीत असं नाही, पण जे आहेत ते लग्नाच्या बँडमध्ये. मग नेटवर संगीतवाल्यांशी ओळखी होत गेल्या. खंजिरीला तिवसा तालुक्यातले एक दादा मिळाले, बासरीला मूल तालुक्यातला एक मुलगा, आणि मिक्सिंग (सगळ्यांची वेगवेगळी रेकॉर्डिंग जोडून एक गाणं) करून द्यायला पुसदचे एक जण तयार झाले. चौघांपैकी कोणी कोणाला समोर पाहिलेलं नाही.

पहिल्याच पायरीला गाडी अडली. मिक्सिंगवाले म्हणाले, लय मिनिटाला ९२ ठोक्यांवर बांधा, सगळ्यांनी तीच क्लिक (यंत्राची ठोके मोजणारी टकटक) कानात घेऊन वाजवा. खंजिरीवाले दादा म्हणाले, टकटक कानात घेऊन भजन वाजत नाही. मला स्वतःला दादांचं पटतं, कारण क्लिकवर गायलेला माझा मुखडा मलाच मेलेला वाटला. पण मिक्सिंगवाल्यांची अडचणही खोटी नाही. तुम्ही कसं करता? आणि नावाचं, पैशाचं आधी बोलता की नंतर?

ठेका_यवतमाळ

क्लिक लागतेच, यात वाद नाही. चौघं चार गावांत, चार वेगळ्या दिवशी वाजवणार. क्लिक नसेल तर दुसऱ्या कडव्यापर्यंत बासरी एकीकडे, खंजिरी दुसरीकडे. मी ऑक्टोपॅड वाजवतो, क्लिकची सवय लावून घेतली. दोन आठवडे त्रास होतो, मग कळतही नाही.

कोराडी_बेस

सगळ्यांनी व्हिडिओ कॉलवर एकदम वाजवलं तर? लयीचा प्रश्नच मिटला.

ठेका_यवतमाळ

नाही होत भाऊ. आवाज पोचायला तीस-चाळीस मिलिसेकंद उशीर झाला की वादकाला जाणवायला लागतं, आणि मोबाइलच्या नेटवर उशीर त्याच्या कितीतरी पट असतो. शिवाय कॉलचं अ‍ॅप एका वेळी एकाचाच आवाज पुढे आणतं, दुसऱ्याचा दाबतं. टाळ तर ते गोंगाट समजून गाळूनच टाकतं. एकदम वाजवायचं तर वायरचं इंटरनेट आणि त्यासाठीचंच सॉफ्टवेअर पाहिजे, तेही दोन्हीकडे.

खंजिरी_तिवसा

ताईच्या पोस्टीतला तो टकटकवाला मीच हाय. आता माहं आयका.

आमच्या गावात रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, तेथून मी खंजिरी शिकलो. भजन कसं उठते ते सांगतो. म्हननारा पयली ओळ थंड घेते. मी तवा नुसतं बोटानं पान हालवतो, झांजा जराशाच वाजते. मागचे लोकं ओळ झेलते, तवा हात पडते. दुसऱ्यांदा झेलली का लय आपोआप चढते, कोनी चढवत नायी. अन् शेवटच्या कडव्यात म्हननारा थांबते, डोये मिटते, तवा मले पन थांबा लागते. ते टकटक थांबते का? ते नायी थांबत. मंग मी कोनाचं आयकू, तिचं का म्हननाऱ्याचं?

मले क्लिक जमत नायी असं नायी. लग्नाच्या आर्केस्ट्रात वाजवतो मी क्लिकवर. पन हे गानं भजनाच्या चालीचं हाय, त्याले तसं नोका बांधू.

वडसा_ऑर्गन

खंजिरीदादा शंभर टक्के बरोबर. मी झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांत ऑर्गन वाजवतो. दिवाळी झाली की सीझन सुरू, होळीच्या पुढेपर्यंत रोज रात्री वेगळं गाव. शंकरपट (बैलांच्या शर्यती) असलं की त्या गावात एका रात्री दोन-तीन कंपन्यांची नाटकं. नट रडता रडता पद सुरू करतो, कुठल्या सुरात सुरू करेल सांगता येत नाही. पहिल्या दोन अक्षरांत मला सूर पकडावा लागतो, तबलेवाल्याला लय. बघणारे हजारोंनी असतात आणि चुकलं की त्यांना लगेच कळतं. आमची लय नटाच्या श्वासातून येते.

पण माझं दुसरंही म्हणणं आहे. पावसाळ्यात आम्हाला काम नसतं, तेव्हा मी नेटवरच्या ओळखीतून लोकांच्या गाण्यांना ऑर्गन देतो. क्लिकवाली गाणी पटापट होतात, बिनक्लिकच्या गाण्याला तिप्पट वेळ जातो. तेवढा वेळ द्यायची तयारी असेल तर बिनक्लिकचं करा, नाहीतर नका करू.

पऱ्हाटीवाली

वेळ आहे दादा. वेचणीला अजून अवकाश आहे.

मिक्सिंग_पुसद

मी तो पुसदवाला. क्लिक हवीच असं म्हणालो होतो, त्यामागचं कारण सांगतो आणि त्यातून काढलेली वाटही.

क्लिक मला तालासाठी नको होती, खुणेसाठी हवी होती. कोणाची फाइल कुठे ठेवायची हे कळायला काहीतरी सामाईक लागतं. ती सामाईक गोष्ट खंजिरीच असू शकते. म्हणून क्रम उलटा करू. आधी ताई आणि खंजिरीदादा यांनी एकदा एका जागी बसून, एकाच मोबाइलवर पूर्ण गाणं घ्यायचं. आर्वीहून तिवसा लांब नाही, मध्ये वर्धा नदी ओलांडली की झालं. रेकॉर्डिंगचा दर्जा कसाही असो, ते शेवटच्या गाण्यात जाणार नाही. त्या टेकवर (एका दमात घेतलेल्या त्या रेकॉर्डिंगवर) मी एकेका आवर्तनाची सम शोधून खूण ठोकतो. रीपर सॉफ्टवेअरमध्ये यालाच टेम्पो मॅप म्हणतात. लय ८८ वरून सुरू होऊन ११५ ला जाऊ दे, मध्ये थांबू दे, मॅप तिच्या मागे जातो. मग ज्याला क्लिक हवी त्याला मी चढणारी क्लिक देतो, ज्याला नको त्यानं तोच टेक कानात घ्यावा.

यानंतर प्रत्येकानं आपापल्या घरी स्वच्छ रेकॉर्डिंग करायचं. त्याचे नियम मात्र कडक आहेत. फाइल वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. तुमचं वाजणं दुसऱ्या मिनिटाला सुरू होत असलं तरी फाइल शून्यापासून पाठवा, म्हणजे मला शोधाशोध नको. रिव्हर्ब, इको काही लावू नका, ते माझ्याकडे. आवाजाचा काटा उणे दहा-बारा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. खंजिरीच्या झांजांचा आवाज टोकदार असतो, काटा साधा दिसतो आणि आवाज मध्येच फाटतो, म्हणून दादांनी मोबाइल हातभर लांब आणि जरा तिरका ठेवावा. ब्लूटूथ इयरफोन अजिबात नको, त्यात आवाज उशिरा येतो. वायरवालाच घ्या.

आणि हात जोडून विनंती, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून पाठवू नका. आवाज दाबून टाकतं ते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर ड्राइव्हवर टाका. एका आवाजाची अशी फाइल मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास होते, तेवढा डेटा धरून चाला.

ठेका_यवतमाळ

हे मला सुचलं नव्हतं. गाणं भजनाच्या अंगानं चढणारं असेल तर पुसदवाल्यांची रीत मान्य. ठेक्यावर चालणाऱ्या गाण्याला मात्र मी क्लिकच सांगेन.

वैनगंगेकाठी

मॅप बनवायला वेळ किती लागतो? आणि रीपर विकत घ्यावं लागतं का?

मिक्सिंग_पुसद

चार-पाच मिनिटांच्या गाण्याला एक संध्याकाळ. रीपर ६० दिवस वापरून बघता येतं, पुढे छोट्या वापराचा परवाना ६० डॉलरला आहे. एवढं नको असेल तर ऑडॅसिटी फुकट आहे, फक्त असा मॅप त्यात सोपा नाही. मोबाइलवरच करायचं तर बँडलॅब फुकट आहे, आणि एकाच गाण्यावर दोघा-तिघांना आळीपाळीनं काम करता येतं.

दर्यापूरची_मावशी

रेकॉर्डिंग कुठे करतेस गं पोरी? घरात आवाज घुमत असेल ना.

पऱ्हाटीवाली

हो मावशी, टिनाचं घर आहे. पाऊस आला की संपलंच.

दर्यापूरची_मावशी

आमच्या घरी भाव येईपर्यंत कापूस खोलीत भरून ठेवतात, छतापर्यंत. माझ्या भाच्यानं गेल्या हिवाळ्यात त्याच खोलीत दारापाशी उभं राहून माझ्याकडून भुलाबाईची गाणी म्हणवून घेतली. आवाज इतका कोरडा आला की मला वाटलं कोणी कानात म्हणतंय. टाळी वाजवली तर मागे काही उरतच नाही. शहरात लोक पैसे देऊन फोम लावतात, आपल्याकडे तो चार महिने घरातच पडलेला असतो.

खंजिरी_तिवसा

मावशी, पन खाजवून खाजवून जीव जाते ना त्या खोलीत!

दर्यापूरची_मावशी

पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा रे बाबा. आणि महत्त्वाचं, चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड, अगरबत्ती काही काही त्या खोलीत न्यायचं नाही. मोबाइल आधी बाहेर चार्ज करायचा. एक ठिणगी पडली तर वर्षाचं पीक जाईल. गाणं नंतरही होतं.

वडसा_ऑर्गन

कापूस नसेल तर गोधड्या. पुढे एक, मागे एक आणि डोक्यावर एक, दोरीवर टाकून. गाणारा भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, ते करू नका. तोंड गोधडीकडे, आणि पाठीमागच्या भिंतीपुढेही गोधडी.

सांज_अकोट

पंखा बंद, फ्रिज बंद, मोबाइल एअरप्लेन मोडवर. रातकिड्यांचं काय करता?

मिक्सिंग_पुसद

रातकिड्यांसाठी दुपार. पहाटे पाखरं, संध्याकाळी गुरं, आणि शेतीच्या फिडरला रात्रीची लाइट असेल तर मोटारी. आमच्याकडे दुपारी दोन ते चार सगळ्यात शांत. तरी मागे एखादी म्हैस आलीच तर काढायचा अट्टहास करत नाही मी. आवाज साफ करायच्या नादात गळ्यातली धार निघून जाते.

बासरी_मूल

मीच तो बासरीवाला. लयीचं मिटलं असेल तर सुराचं बोलू या, कारण माझी अडचण तिथे आहे.

ताई, गाण्याची पट्टी (मूळ सूर) तुम्ही मला काळी चार म्हणालात. तुमची पेटी जुनी आहे असं ऐकलं. जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या मापावर असतीलच असं नाही, कधी वर असतात, कधी खाली. मोबाइलवर ट्यूनर अ‍ॅप उघडा, मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबा, ४४० येतं का बघा. ४४६ आलं तर तुमची काळी चार माझ्या बासरीशी जुळणार नाही. पेटीला फुंकर मारून किंवा कान पिळून सूर बदलता येत नाही, आणि मला बासरी तोंडाशी फिरवून थोडाच सूर वर-खाली करता येतो. म्हणून गाताना पेटी बाजूला ठेवा, तानपुऱ्याचं अ‍ॅप ४४० वर लावा.

दुसरं, माझ्याकडे काळी चारची बासरी नाही. पांढरी पाचची आहे, चांगल्या वेळूची आहे. अर्धा सूर खाली येता येईल का? आणि थंडीत रेकॉर्डिंग झालं तर माझा सूर सुरुवातीला उतरलेला येतो, बासरी फुंकून गरम झाल्यावरच टेक घेईन, पाच-दहा मिनिटं जास्त धरा.

पऱ्हाटीवाली

पेटी तपासली. ४४८! मी वर्षानुवर्षं तिच्यावरच गातेय. पांढरी पाचला आत्ताच गाऊन बघितलं, खालचा पंचम जरा जड होतो पण अंतरा उलट मोकळा येतो. चालेल मला. बासरी पांढरी पाच.

गुरुजी_चिमूर

मंडळी, सगळं वाचतोय. मनात आहे ते बोलतो, राग मानू नका. चार जण चार खोल्यांत एकेकटे वाजवणार आणि एक जण ते जोडणार. समोरचा कधी मान हलवतो, कधी डोळ्यांनी 'आता' म्हणतो, त्यातूनच संगीत शिकलं जातं. आमच्या भजन मंडळात पोरं येईनाशी झाली, घरात बसून मोबाइलवर वाजवतात. यानं गाणी वाढतील, पण मंडळं उरतील का?

खंजिरी_तिवसा

गुरुजी, तुमचं म्हननं खरं हाय. पन मंडळात माह्या वयाचा मी एकटाच उरलो. बाकीचे पुन्याले, सुरतेले कामाले गेले. ह्या नेटवरच्या लोकायनं मले इचारलं, दादा हा हात कसा पडते, दाखव. गावात कोनी इचारत नोतं. आता त्याइले दाखवाले मी रोज वाजवतो, अन् ते आयकून शेजारचे दोन पोट्टे मंडळात येऊन रायले.

गुरुजी_चिमूर

ही चांगली बातमी दिलीस. मग तुम्ही दोघं पहिला टेक एकत्र बसून घेणार आहात ते मला सगळ्यात आवडलं. तेवढं सोडू नका.

हक्कदार (मूळ वाशीम, सध्या पुणे)

नावाचं आणि पैशाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. हे आधी बोला. गाणं चाललं की बोलणं अवघड होतं.

प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा कोणाला कागदावर काढून घेता येत नाही, गाणं सिनेमातलं नसलं तरी. हे लोकांना माहीतच नसतं. माझ्या काकांनी लग्नाची गाणी एका कंपनीला एकरकमी दिली, कागदावर 'सर्व हक्क कायमचे' लिहिलं होतं. काका गेले तरी गाणी मांडवात वाजतात आणि काकूला एक रुपया आला नाही.

ताई, गीत आणि चाल दोन्ही तुमची, तेव्हा आयपीआरएसची सभासद व्हा. ही संस्था १९६९ पासून आहे, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करते. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची संस्था वेगळी, इसामरा. आणि चौघांनी एका साध्या कागदावर लिहा: गीत-चाल कोणाची, रेकॉर्डिंगची मालकी कोणाची, किती टक्के कोणाला, चॅनेल कोणाच्या नावावर. चौघांच्या सह्या, फोटो काढून चौघांकडे.

ठेका_यवतमाळ

वाजवणाऱ्याला टक्के द्यायचे की एकदाच मानधन? मी मानधन घेतो आणि मोकळा होतो.

हक्कदार

दोन्ही चालतं, कागदावर असलं म्हणजे झालं. पण खंजिरीदादांची लय या गाण्याचा कणा आहे, त्यांना रेकॉर्डिंगमध्ये वाटा मिळावा असं माझं मत.

सांज_अकोट

मिळणार तरी किती? स्पॉटिफाय २०२४ पासून बारा महिन्यांत एक हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला काहीच देत नाही. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे हवेत तर एक हजार सबस्क्राइबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं जायला हवं. वऱ्हाडी पूजेच्या गाण्याला कुठून येणार?

वडसा_ऑर्गन

पैसे तिथून येत नाहीत भाऊ, मला तरी आले नाहीत. एका गाण्याला ऑर्गन दिला, ते ऐकून ब्रह्मपुरीकडच्या एका कंपनीनं सीझनला बोलावलं. रोजगार असा आला.

दर्यापूरची_मावशी

माझ्या भाच्यानं माझी भुलाबाईची गाणी टाकली तिथे 'पारंपरिक' एवढंच लिहिलं. ती मला माझ्या आईनं शिकवली, त्यातल्या दोन गाण्यांत तिनं स्वतःच्या ओळी घातल्यात.

हक्कदार

मावशी, तुमचं आणि आईचं नाव, गाव लिहायला लावा त्याला. पारी या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह आहे, त्यात ओवी म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं असतं. पारंपरिक असलं तरी कोणाच्या तरी तोंडून आलेलं असतं ते.

जिवती_ढोल

मी गोंडी गाणी करतो, आमच्याकडे ढेमसा नाच ढोलावर. हे वाचून दोन गोष्टी घेतल्या, आधी ढोलाचा टेक आणि नावासोबत गाव. आमच्या पाड्यावर नेट नाही, फाइल घेऊन टॉवर येईल तिथपर्यंत गाडीवर जातो. म्हणून मोठ्या फाइली रविवारच्या बाजाराला तालुक्यात गेलो की टाकतो. कोणाला ढोल हवा असेल तर सांगा, पण उत्तर आठवड्यानं येईल.

मिक्सिंग_पुसद

जिवतीदादा, आठवडा चालेल. मला हवाय ढोल, दुसऱ्या एका गाण्याला. वैयक्तिक संदेश करतो.

बासरी_मूल

ताई, शेवटी कोरसमध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनाची एक ओळ घ्यायची म्हणाला होतात, ते ठरलं का?

हक्कदार

थांबा, त्यावर एक. महाराजांचं निर्वाण १९६८ चं. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०२८ संपेपर्यंत. ओळ घ्यायची तर आधी रीतसर परवानगी मागा.

पऱ्हाटीवाली

मग ओळ घेत नाही. कोरसला वावरातल्या बायका जी हाळी देतात तीच घेते, आमच्याच बायकांकडून, आणि त्यांची नावं लिहिते.

आता ठरलं ते असं. पांढरी पाच. पहिला टेक मी आणि खंजिरीदादा एकत्र बसून, त्यांच्या गावच्या मंडळाच्या खोलीत, प्रार्थनेनंतर. त्यावर पुसदचे दादा मॅप करतील. माझा गळा माझ्या चुलतसासूच्या घरी, त्यांच्याकडे कापूस भरला की. बासरी त्यानंतर. गीत-चाल माझी, रेकॉर्डिंगमध्ये चौघांना सारखा वाटा. मिक्सिंगवाले दादा वाटा नको म्हणत होते, ते ऐकणार नाही. कागद मी लिहून चौघांना पाठवते.

खंजिरी_तिवसा

ताई, शनवारी ये. रविवारी लगन हाय एक, मी वाजवाले चाल्लो. अन् येतानी घरून कोनाले संग घेऊन ये, जेवाचं इकडंच.

मिक्सिंग_पुसद

टेक घेताना मोबाइल दोघांच्या मधोमध ठेवा, खंजिरीच्या बाजूला नको. आणि सुरू करण्याआधी एकदा जोरात टाळी वाजवा, मला सुरुवात सापडते.